उंबरठ्यापलीकडची पाहणी

सरकारचे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे जे नाना अंमलदार नागरिकाच्या आयुष्यात प्रसंगोपात्त डोकावतात, त्यांपैकी तलाठी सातबाऱ्यापुरता येतो, बेलिफ समन्सापुरता येतो आणि वसुली कारकून थकबाकीपुरता दारात उभा राहतो. परंतु थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पाण्याच्या पिंपावरचे झाकण उचलण्याचा, मोरीच्या कोपऱ्यात वाकून पाहण्याचा, फ्रीजच्या मागल्या ट्रेमध्ये साचलेल्या पाण्याची विचारपूस करण्याचा आणि गेल्या पंधरवड्यात घरात कोणास ताप येऊन गेला काय, हा खासगी प्रश्न अनोळखी गृहिणीस निःसंकोचपणे घालण्याचा अधिकार ज्यास आहे, असा अंमलदार एकच, आणि तो म्हणजे आरोग्य निरीक्षक. शहरात त्याला कोणी 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' म्हणतात, कोणी नुसते 'एसआय'. मुंबईत डासांकरिता कीटकनाशक विभागाची माणसे वेगळी असतात. आणि खेड्यात हेच काम उपकेंद्राचा आरोग्यसेवक करतो, ज्याला लोक, त्याने जन्मात कोणाची नाडी पाहिलेली नसली तरी, 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात. हुद्द्याच्या उतरंडीत तो आरोग्याधिकाऱ्याच्या पुष्कळ खाली आणि मुकादमाच्या थोडा वर असतो. पगार बेताचा, पण कायद्याने दिलेला अधिकार मोठा. त्या अधिकारात आणि त्याच्या प्रत्यक्ष वापरात जे अंतर आहे ते कसे पडले आणि निरीक्षक ते रोजच्या रोज कसे कापतो, हे पाहण्यासाठी गेल्या पावसाळ्यात मी मुंबईत, पुण्यात आणि सह्याद्रीच्या कुशीतील एका डोंगराळ तालुक्यात काही निरीक्षकांबरोबर हिंडलो. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत. नोकरीत असलेल्या माणसाने मोकळेपणी बोलावे अशी इच्छा असेल, तर तेवढे पथ्य पाळावे लागते.

पुण्यात त्याचा दिवस कोठीवर सुरू होतो. आरोग्य कोठी म्हणजे मंडईलगतची, पुलाखालची अथवा एखाद्या शाळेच्या भिंतीला टेकलेली लहानशी खोली. उजाडता उजाडता झाडणकामाच्या बाया आणि गडी तेथे जमतात, मुकादम हजेरी घेतो, झाडू, फावडी आणि ढकलगाड्या यांची वाटणी होते आणि गैरहजर माणसांच्या जागी बदली कोणास पाठवावे याची तजवीज होईतो सूर्य चांगला वर आलेला असतो. पुढे कचऱ्याच्या गाडीची वाट पाहणे, ओला-सुका वेगळा न करणाऱ्या सोसायट्यांशी हुज्जत घालणे, रस्त्यावर थुंकणाऱ्यास पावती फाडणे आणि २०१८च्या प्लास्टिकबंदीखाली दुकानदाराकडे पिशव्या सापडल्या तर पहिल्या कसुरीबद्दल ५,००० रुपयांचा दंड वसूल करणे, यांत दुपार होते. पुण्यातला आरोग्य निरीक्षक आता घनकचरा व्यवस्थापन विभागाच्या अखत्यारीत काम करतो, ही गोष्ट पुष्कळ पुणेकरांस ठाऊक नसेल. मुंबईत १९२६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वच्छता निरीक्षकांची पदविका देऊन अनेक पिढ्या तयार केल्या. त्या पदविकेत पाण्याचे शुद्धीकरण, रोगवाहक कीटक, साथीचे प्रतिबंधन, अन्नाची तपासणी असे विषय शिकून आलेला तरुण कोठीवर रुजू झाला, की त्याचे बहुतेक ज्ञान कपाटात पडून राहते आणि उपयोगी पडते ते एकच, माणसे सांभाळण्याचे कसब. कचरा उचलणे हे आरोग्याचेच काम आहे, यात संशय नाही. परंतु ज्याला अळी ओळखता येते त्याला दिवसभर गाड्या मोजावयास लावणे, हा महापालिकांनी स्वतःच्याच खजिन्याचा केलेला अपव्यय आहे, असे माझे मत झाले. आणि ज्या झाडूवाल्या बायकांच्या श्रमावर ही सगळी इमारत उभी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या आज्या-पणज्याही हेच काम करीत होत्या, हे हजेरीपुस्तकातील आडनावांवरून कोणाही वाचकास कळून येईल.

हा अधिकार आला कोठून, हे समजून घ्यावयाचे तर मागे जावे लागते. मुंबईत १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, त्याच सुमारास डॉ. हेवलेट यांची आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली, आणि शहराचे आरोग्य हा सरकारी दप्तराचा विषय बनला. तथापि सामान्य मनुष्यास या खात्याची जाणीव झाली ती १८९६च्या सप्टेंबरात, जेव्हा मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच, १८९७च्या फेब्रुवारीत, चार कलमांचा साथरोग कायदा संमत होऊन सरकारास जवळजवळ अमर्याद सत्ता मिळाली. (हाच कायदा १२३ वर्षांनी, २०२० साली, करोनाच्या काळात पुन्हा लागू झाला.) पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, देवघरांपर्यंत बूट नेले, रोगी हुडकून काढण्यासाठी स्त्रियांच्या अब्रूचाही मुलाहिजा ठेवला नाही, आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. ही कथा प्रत्येक मराठी शाळकरी मुलास ठाऊक आहे. त्याच साथीत, त्याच शहरात, आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्चला प्राण ठेवला, हेही आता ठाऊक झाले आहे.

परंतु त्या कथेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. रँडच्या झडत्या जुलमी तर होत्याच. त्या अज्ञानीही होत्या. शिपाई शोधीत होते तो रोगी मनुष्य, आणि रोग वाहून नेत होती ती उंदराच्या अंगावरची पिसू. पॉल-लुई सिमोंड यांनी कराचीत हा संबंध दाखवला तो १८९८ साली, आणि परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले, तो निर्विवादपणे सिद्ध झाला तो १९०५ नंतरच्या संशोधनात. उलट दख्खनच्या खेडुताला सिद्धान्त ठाऊक नव्हता, पण 'उंदीर पडू लागले' की गाव सोडून माळावर झोपड्या घालावयाच्या, हे त्याला अनुभवाने कळलेले होते. म्हणजे सरकारापाशी संगीन होती आणि लोकांपाशी निरीक्षण होते. दोघांची गाठ पडली असती तर पुण्याचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. ती गाठ घालून देणे, हेच पुढे निरीक्षकाचे काम व्हावयास हवे होते, आणि ते कसे होऊ शकते याचे एक नामी उदाहरण मुंबईच्याच दप्तरात सापडते.

ते उदाहरण विहिरींचे आहे. १८६० साली विहारचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी आल्यानंतर मुंबईतील शेकडो विहिरी पिण्याच्या उपयोगातून गेल्या होत्या, परंतु वाड्यांत, चाळींत, देवळांच्या आणि अग्यारींच्या आवारांत त्या तशाच उघड्या राहिल्या. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून जो अहवाल दिला, त्यात त्यांचा निष्कर्ष असा होता की, शहरातील हिवतापाचे मूळ दलदलीत नसून या विहिरींत आहे. कारण येथे रोग पसरवणारा ॲनोफेलीस स्टेफेन्सी हा डास स्वच्छ, साचलेल्या, सावलीतल्या पाण्यात, म्हणजे नेमका विहिरीत, हौदात आणि टाकीत अंडी घालतो. उपाय सरळ दिसत होता: विहिरी बुजवा अथवा घट्ट झाका. नोटिसा निघाल्या, आणि महापालिकेच्या दप्तरात अर्जांचा पूर आला. कोणाच्या विहिरीत पीर होता, कोणाच्या विहिरीत घराण्याचा रक्षक देव होता, कोणी लिहिले की पूजेच्या पाण्यास सूर्याचा प्रकाश लागला पाहिजे, कोणी लिहिले की विहीर झाकल्यास घरात मृत्यू होईल. त्या वेळी महापालिकेचे सचिव असलेले आणि पुढे आयुक्त झालेले रुस्तम मसानी यांचा या प्रश्नाशी असा संबंध आला, की हे अर्ज त्यांनी केवळ फायलीत लावून न ठेवता, विहिरींविषयीच्या लोकसमजुतींचा अभ्यास करून १९१८ साली 'फोकलोअर ऑफ वेल्स' हा ग्रंथच लिहिला. डासाच्या नोटिशीतून लोकविद्येचा ग्रंथ निपजावा, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

या तंट्यातून जी तोड निघाली तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे. जेथे श्रद्धेचा प्रश्न खरोखरीच अडत होता, तेथे विहीर सबंध बंद न करता तिच्यावर बारीक तारेच्या जाळीची झडप असलेले झाकण बसवू दिले गेले: जाळीतून उजेड पाण्यापर्यंत पोहोचे, पूजेपुरते पाणी काढता येई, आणि डासाला मात्र आत जाता येत नसे. ह्या झाकणात विज्ञानाने काहीही सोडलेले नाही आणि श्रद्धेचाही काही तोटा झालेला नाही. मुत्सद्दीपणाची अशी कामगिरी तहनाम्यांत नोंदली जाते. झाकणाची नोंद कोण ठेवतो? परंतु रँडपासून या जाळीपर्यंत जे अंतर आहे, तेवढेच अंतर चांगल्या आणि वाईट निरीक्षकात असते, असे मी ज्यांच्याबरोबर हिंडलो त्यांना पाहून माझ्या ध्यानात आले.

आता तो स्टेफेन्सी डास विहिरीतून गच्चीवर गेला आहे. मुंबईच्या इमारतींवरील पाण्याच्या टाक्यांना घट्ट बसणारे झाकण आणि तपासणीसाठी चढावयास शिडी असली पाहिजे, असा दंडक आहे. आणि कीटकनाशक विभागाच्या निरीक्षकाचा पहिला प्रश्न झाकणाविषयी नसून शिडीविषयी असतो, कारण जेथे शिडी नाही तेथे वर्षानुवर्षे कोणी वर चढलेले नाही हे उघडच आहे. मी ज्यांच्याबरोबर गेलो ते गृहस्थ निवृत्तीला आलेले असूनही विजेरी तोंडात धरून सरसर वर चढले, त्यांनी टाकीच्या तोंडातून पाण्यावर तिरपा प्रकाश टाकला आणि क्षणभर थांबून मला बोलावले. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडी तरंगावी तशा, पाच-सहा बारीक अळ्या पहुडलेल्या होत्या. "ही आडवी पडली आहे ना, ती हिवतापाची. डेंग्यूची असती तर डोके खाली करून तिरपी लोंबकळली असती," ते म्हणाले. सावली पडताच अळ्या खाली बुडाल्या. मनुष्याला जी भेदरेषा सूक्ष्मदर्शकातून पाहावी लागेल असे आपण समजतो, ती या माणसाला वीस पावलांवरून दिसते.

डेंग्यूचा एडिस डास हा त्याहून घरगुती. तो दिवसा चावतो, फार दूर उडत नाही, आणि म्हणून एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण निघाला की निरीक्षक खाडीकडे अथवा नाल्याकडे न पाहता त्याच इमारतीतील कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटच्या बाटल्या, गॅलरीतील टायर, वातानुकूलन यंत्राखालचे बादलीभर पाणी आणि वापरात नसलेले कमोड पाहू लागतो. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठवड्याभरात पुरा होतो. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवण्याचा जो 'कोरडा दिवस' सांगितला जातो, त्यामागे हा हिशेब आहे. घासणे यासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिले तरी कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहून पुढच्या पावसाची वाट पाहतात. हे गृहिणीस समजावून सांगावयास दोन मिनिटे लागतात, आणि अशी दोन मिनिटे प्रत्येक घरात दिली तर ठरवून दिलेली घरे संध्याकाळपर्यंत होत नाहीत. म्हणून पुष्कळ ठिकाणी पिंपात औषध टाकून भिंतीवर खडूने तारीख घातली जाते आणि माणूस पुढल्या दारी जातो. धूर फवारणीचे यंत्र घेऊन गल्लीतून फिरणाऱ्या माणसाचे मात्र लोक कौतुकाने स्वागत करतात, नगरसेवकही त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेतात. त्या धुराने उडते डास काही मरतात, पिंपातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही.

घरात प्रवेश मिळवण्याचे तंत्र प्रत्येकाचे निराळे. सहकारी गृहसंस्थांतून रखवालदार फाटकाशीच अडवतो. जुन्या पेठेतील वाड्यात आजीबाई चहा पुढे करतात पण माजघरात जाऊ देत नाहीत. एक तरुण निरीक्षिका दार उघडताच "काकू, तुमच्या कुंड्या फार छान आहेत हो" असे म्हणून कुंड्यांकडे वळते आणि बशा उलट्या करूनच बोलणे सुरू करते. तिच्या वरिष्ठांची पद्धत नेमकी उलटी: ते ओळखपत्र दाखवतात, 'साहेब' म्हणून घेतात आणि नोटिशीचे पुस्तक हातात ठेवतात. दोघांच्या घरांचा आकडा सारखाच येतो. परंतु दुसऱ्या फेरीला दार कोणाला लवकर उघडले जाते, हे मी पाहिले आहे.

उंदरांची आणि अन्नभेसळीची बाब थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मुंबई महापालिकेपाशी रात्रपाळीचे 'मूषक संहारक' आहेत. हातात काठी आणि विजेरी घेऊन ते बाजारांच्या मागल्या गल्ल्यांतून हिंडतात, रात्रीला ३० उंदीर हा त्यांचा ठराव आणि सकाळी मोजणी. लोकांना हे काम विनोदी वाटते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावात प्रथम पिसवांचा उपद्रव वाढला आणि उंदीर पडू लागले, त्यामागोमाग प्लेगच्या गाठींचे रुग्ण आढळले आणि पुढे सुरतेत काय हाहाकार झाला, हे ज्यांना आठवते त्यांना तो विनोद वाटणार नाही. अन्नभेसळीचे काम १९५४च्या कायद्याखाली पूर्वी नगरपालिकांच्या अन्न निरीक्षकांकडेही असे. २००६चा नवा कायदा २०११ साली अमलात आल्यापासून नमुना चार भागांत घेऊन विश्लेषकाकडे पाठवणे आणि त्याने चौदा दिवसांत निर्णय कळवणे, हा सर्व कारभार अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांकडे आहे. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याचे तेल किती वेळा उकळले, हे त्यामुळे कोठीवरचा निरीक्षक डोळ्यांनी पाहतो आणि त्याबाबत फारसे काही करू शकत नाही.

खेड्यातले काम सगळे पाण्याभोवती फिरते. डोंगराळ तालुक्यातील ज्या उपकेंद्रावर मी गेलो, तेथील आरोग्यसेवक दुचाकीच्या डिकीत दोनच वस्तू कायम ठेवतो: ओटी (ऑर्थोटोल्युडिन) चाचणीची पेटी आणि घडीची चादर, पहिली पाण्यातील क्लोरीन तपासण्यासाठी, दुसरी मुक्कामासाठी. विहिरीच्या काठाशी गेल्यावर त्याने दोरीने पाण्याची खोली मोजली, पावलांनी व्यास मोजला आणि मातीत काडीने हिशेब मांडला: चार मीटर व्यास, तीन मीटर पाणी, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम हे पुस्तकातले किमान मान. त्या मानाने शंभर ग्रॅमच्या आत भागते. परंतु पाणी गढूळ असेल, पावडर जुनी असेल, गोणी उघडी राहून तिच्यातला क्लोरीन उडून गेला असेल, तर दुप्पटही पुरत नाही. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तो २० टक्क्यांच्या खाली गेला की नमुना नापास होतो. ग्रामपंचायतीच्या कचेरीत खुर्चीखाली जी फुटकी गोणी मी पाहिली, तिच्यात मला तरी चुन्याखेरीज दुसरे काही असेलसे वाटले नाही.

पावडर बादलीत कालवावयाची, चुना खाली बसू द्यावयाचा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडावयाची आणि दोरीने खालीवर हिंदकळावयाची. मग तासभर कोणी पाणी भरावयाचे नाही. हा तास सर्वांत अवघड. पहाटे हंडे घेऊन आलेल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांतली एक वृद्धा म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या औषधाने चहाला वास मारतो." तो हसून म्हणाला, "आजी, वास मारतो म्हणजे औषध आहे. वास नाही आला की मला सांगा." तास संपल्यावर त्याने नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले, पाणी फिकट पिवळे झाले, आणि पाहावयाचे ते लगेच पाहावे लागते, कारण उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि खोटे समाधान मिळते. ही परीक्षा रोज, शेवटच्या घरच्या नळाला, व्हावी असा नियम आहे. ती करावयाची ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने. आणि जलसुरक्षक म्हणजे बहुधा तोच शिपाई, जो मोटार चालू करतो, दवंडी देतो, घरपट्टीच्या पावत्या वाटतो आणि ग्रामसभेच्या सतरंज्या अंथरतो.

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, गावातील पाण्याच्या प्रत्येक उद्भवाची पाहणी होऊन ग्रामपंचायतीस कार्ड मिळते: धोका मोठा असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, थोडा असेल तर हिरवे, आणि लागोपाठ पाच वर्षे साथ न आलेल्या ग्रामपंचायतीस चंदेरी. नोटीस, दंड, फौजदारी यांच्या मानाने हे शस्त्र अगदीच कागदी वाटेल. परंतु लाल कार्ड घेताना सरपंचाचा जो चेहरा होतो तो पाहिला म्हणजे गावच्या अब्रूचा उपयोग सरकारने किती हुशारीने केला आहे, याची खात्री पटते. एका गावात लाल कार्ड आले, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात विहिरीभोवतीचा उकिरडा हलला. दहा वर्षांच्या अर्जविनंत्यांनी तो हललेला नव्हता.

आषाढीच्या पालख्यांच्या काळात हेच काम वाटेवर येते. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्यांच्या पुढे, एखादा मुक्काम आधी, आरोग्य खात्याची माणसे मार्गावरील विहिरी, टाक्या, टँकर भरण्याच्या जागा आणि हॉटेलांतील कामगार तपासत जातात. एके काळी पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकी घरोघरी परतत असे आणि गावोगाव मरीआईचा गाडा शिवेपार न्यावा लागे. आज लक्षावधी वारकरी चंद्रभागेहून धडधाकट परततात, यात विठ्ठलाचा हात असेलच; परंतु टीसीएलच्या पोत्यांचाही आहे, आणि ती पोती वाहणारा मनुष्य स्वतः वारीत असूनही पालखीच्या दर्शनाला बहुधा मुकतो, कारण पालखी पोहोचेतो तो पुढच्या मुक्कामी गेलेला असतो. उलटपक्षी जेथे पाण्याची राखण सुटते तेथे काय होते, हे इचलकरंजीने २०१२च्या काविळीत पाहिले आणि पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसराने २०२५च्या जानेवारीत गीयाँ-बारे विकाराच्या उद्रेकात पाहिले.

या माणसांची संख्या मात्र घटते आहे, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डीडीटी फवारणारी आणि पंधरवड्यातून एकदा तापाची चौकशी करून बोटाचे रक्त काचपट्टीवर घेणारी माणसे खेडोपाडी पोहोचली. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेली रुग्णसंख्या १९६५ साली एक लाखावर आली. रोग गेला असे समजून बंदोबस्त ढिला झाला, डासांनी औषध पचवले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. दरम्यान १९७३च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशीवरून हिवतापाचे कर्मचारी, देवीची लस टोचणारे आणि इतर सर्व मिळून 'बहुउद्देशीय' कर्मचारी करण्यात आले. कल्पना उत्तम होती. परंतु उपकेंद्रावरील परिचारिकेच्या वेतनाचा भार केंद्राने उचलला आणि पुरुष आरोग्यसेवकाचा राज्यांवर राहिला. साहजिकच तंगीच्या वर्षी जी जागा रिकामी राहिली ती त्याची. मी ज्याच्याबरोबर विहिरीवर गेलो, त्याच्याकडे स्वतःच्या उपकेंद्राखेरीज शेजारच्याही उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभार आहे, आणि मधला घाट पावसाळ्यात दरड पडून वारंवार बंद होतो.

तथापि मी ज्या ज्या निरीक्षकाशी बोललो, त्यांच्यातील कोणीही माणसांच्या तुटवड्याची तक्रार प्रथम केली नाही. त्यांची पहिली तक्रार वेगळीच निघाली, आणि ती मला अधिक विचार करण्याजोगी वाटली. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या अधिनियमाने डासांची पैदास होऊ देणाऱ्या मालकावर नोटीस बजावता येते आणि न ऐकल्यास खटलाही भरता येतो. ती नोटीस चाळीतल्या पिंपाला लागू पडते, गॅरेजवाल्याच्या टायरांना लागू पडते, बांधकामाच्या तळघरात तुंबलेल्या पाण्याला कष्टाने का होईना लागू पडते. परंतु शहरातील विस्तीर्ण छपरे, जुन्या टाक्या, भंगाराची आवारे आणि वर्षानुवर्षे उघडी पडलेली डबकी यांतील मोठा वाटा सरकारी व निमसरकारी आस्थापनांचा आहे. तेथे काय करता, असे मी त्या निवृत्तीला आलेल्या गृहस्थांना विचारले. "सोसायटीला आम्ही नोटीस काढतो," ते म्हणाले, "आणि सरकारी कचेरीला पत्र लिहितो." पत्र विभागप्रमुखांच्या सहीने जाते, तिकडे आवक-जावक बारनिशीत चढते, इमारतीची देखभाल कोणत्या शाखेकडे याविषयी त्या खात्यात आपसात विचारणा होते, अंदाजपत्रकात झाकणाची तरतूद शोधली जाते, आणि उत्तर येईतो डासाच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. तोवर हे गृहस्थ आठवड्यातून एकदा त्या कचेरीच्या गच्चीवर जाऊन टाकीत अळीनाशक टाकून येतात. तेथे शिडी नसल्यामुळे ती विभागाच्या चौकीवरून न्यावी लागते. आणि न्यावयाच्या आधी तळमजल्यावरच्या रखवालदाराच्या वहीत नाव, वेळ, येण्याचे कारण आणि 'सोबतचे सामान' या रकान्यात शिडी एक नग, असे लिहावे लागते.